कोसळता तारा आणि आरंभाचा दाखला

२२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप पायस बारावे यांनी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीपुढे एक दीर्घ भाषण केले. आधुनिक विज्ञानाच्या प्रकाशात ईश्वराच्या अस्तित्वाचे दाखले, हा त्याचा विषय होता. विश्व प्रसरण पावत आहे, तेव्हा काळात मागे मागे जावे तर आपण एका आरंभापाशी पोहोचतो, हा त्या भाषणाचा सर्वत्र गाजलेला भाग होय. परंतु त्याच भाषणात पोपमहोदयांनी रुडॉल्फ क्लॉसियस या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव घेऊन एन्ट्रॉपीच्या नियमाचाही आधार घेतला होता, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. निसर्गातील प्रत्येक घडामोडीगणिक उपयोगात आणता येण्याजोगी ऊर्जा घटत चालली आहे. जो साठा सतत घटतो आहे तो अनादी काळापासून असू शकत नाही. म्हणून सृष्टीला आरंभ आहे आणि आरंभ करणाराही आहे, अशी ती विचारसरणी होती. आपण मांडतो ती अखेरची, निर्विवाद सिद्धता नव्हे, तिला अधिक संशोधनाची गरज आहे, असेही पोपमहोदयांनी त्या वेळी बजावले होते. पुढे तो दाखला देणाऱ्यांना ही पुस्ती बहुधा आठवत नाही.

हा दाखला आजही युवकांच्या शिबिरांतून आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांतून ऐकू येतो. कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकणारा आपल्या धर्मग्रामातील एखादा मुलगा तो ऐकून घेतो, आणि घरी जाऊन पुस्तक उघडतो. त्याला तेथे काय सापडते, हे आपल्याला ठाऊक असलेले बरे. कारण ज्या एन्ट्रॉपीवर हा दाखला उभा आहे, तिचे वर्तन गुरुत्वाकर्षणाच्या राज्यात काही निराळेच असते. आणि ते उलगडण्यास विज्ञानाला शंभराहून अधिक वर्षे लागली.

क्लॉसियस यांनी १८६५ साली ‘एन्ट्रॉपी’ हा शब्द घडविला, तो रूपांतर या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. विश्वातील ऊर्जा कायम राहते, एन्ट्रॉपी मात्र कमाल मर्यादेकडे वाढत जाते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यापूर्वीच विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५२ साली आणि हेल्महोल्ट्झ यांनी १८५४ साली, सारी उष्णता सर्वत्र सारखी पसरून विश्व कोमट आणि निश्चल होईल, असे भाकीत केले होते. या कल्पनेला ‘विश्वाचा उष्मामृत्यू’ असे नाव पडले. आकाश वस्त्राप्रमाणे जीर्ण होईल, असे म्हणणारा स्तोत्रकर्ता ज्यांच्या परिचयाचा होता त्यांना हे भाकीत आपलेसे वाटले, यात नवल नाही. जर्मनीत फुल्डा येथील धर्मगुरू आणि तत्त्वज्ञ कॉन्स्टंटिन गुटबेर्लेट यांच्यासारख्यांनी त्यावरून सृष्टीच्या आरंभाचा युक्तिवाद रचला. जहाल जडवाद्यांनी त्याच कारणास्तव तो नियमच नाकारण्याचा खटाटोप केला. दोन्ही पक्षांना नियमापेक्षा निष्कर्षाची घाई अधिक होती, असे माझे मत आहे. अपवाद होता पिएर द्यूएम या निष्ठावंत कॅथलिक फ्रेंच पदार्थवैज्ञानिकाचा. त्याने १९०५ साली स्पष्ट लिहिले, की प्रयोगशाळेतील अल्प काळाच्या अनुभवावर बेतलेल्या नियमाला सृष्टीच्या आदी-अंताविषयी साक्ष देण्यास उभे करू नये.

एन्ट्रॉपी म्हणजे नेमके काय, हे लुडविग बोल्ट्झमान यांनी १८७७ साली सांगितले. मिस्साच्या वेळी धूपपात्रातून निघालेला धूर प्रथम वेदीपाशी दाट असतो, मग हळूहळू सबंध चर्चमध्ये पसरतो. तो आपण होऊन पुन्हा पात्राभोवती गोळा झाला असे कधी घडत नाही. याचे कारण सोपे आहे. धुराचे कण वेदीपाशी दाटून राहण्याच्या रचना थोड्या असतात, सर्वत्र विखुरण्याच्या रचना अगणित. बाहेरून एकसारख्याच दिसणाऱ्या अवस्थेच्या पोटात अशा किती सूक्ष्म रचना दडू शकतात, याचे मोजमाप म्हणजे एन्ट्रॉपी. व्हिएन्नाच्या दफनभूमीत बोल्ट्झमान यांच्या समाधीवर हे सूत्र कोरलेले आहे.

आता चर्चमधील धूर सोडून आकाशातील वायूच्या मेघाकडे वळू. येथे सारा प्रकार उलटा दिसतो. तारकांमधील थंड, विरळ मेघ स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आक्रसतो, त्याची गाठ बनते, गाठीचा तारा होतो. विखुरलेले ते गोळा झाले. धूर पात्राभोवती परतला! मग एन्ट्रॉपीचा नियम मोडला काय?

पुष्कळदा यावर घाईने उत्तर दिले जाते, की मेघ आक्रसताना तापतो, कणांची धावपळ वाढते, म्हणून एकूण एन्ट्रॉपी वाढलीच. हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे हे आकडेमोड करूनच पाहावे. हळूहळू आक्रसणाऱ्या साध्या वायूच्या गोलाची त्रिज्या निम्मी झाली असे धरू. आता प्रत्येक कणाला वावरण्यास पूर्वीच्या एकअष्टमांश जागा उरली. तापमान दुप्पट झाले, हेही खरे. परंतु तापमान दुप्पट झाल्याने कणांच्या वेगांना मिळणारा वाव तिन्ही दिशा मिळून जेमतेम २.८ पट वाढतो. एकीकडे आठ पट तोटा, दुसरीकडे तीन पटीहूनही कमी नफा. प्रत्येक कणाच्या संभाव्य रचना पूर्वीच्या सुमारे एकतृतीयांशच उरल्या. अर्थात मेघाची स्वतःची एन्ट्रॉपी तापूनसुद्धा कमीच होते.

मग हिशेब जुळतो कोठे? मेघाबाहेर. मेघ कोसळताना गुरुत्वाकर्षणाची जी ऊर्जा मोकळी होते तिच्यातील अर्धी मेघाला तापविते आणि उरलेली अर्धी प्रारणाच्या, म्हणजे उष्णतेच्या आणि प्रकाशाच्या रूपाने अवकाशात निघून जाते. ते प्रारण थंड, अफाट अवकाशात पसरत राहते, आणि मेघाने गमावली त्याहून अधिक एन्ट्रॉपी आपल्यासोबत घेऊन जाते. बेरीज वाढतेच. नियम मोडला नाही; आपण जमाखर्चाचे एकच पान पाहत होतो. यातून आणखी एक गोष्ट निघते. हे प्रारण बाहेर टाकण्याची वाट बंद झाली तर मेघ आक्रसूच शकणार नाही. तारा आधी बनतो आणि मग प्रकाशतो, असे आपण समजतो. वास्तविक उष्णता आणि उजेड बाहेर टाकत राहिल्यावाचून तो बनतच नाही.

ऊर्जा गमावून वस्तू तापते, हे आपल्या रोजच्या अनुभवाच्या विरुद्ध आहे. चहा ऊर्जा गमावतो आणि निवतो. तथापि गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या गोष्टींचा स्वभावच तसा आहे. पृथ्वीभोवती फिरणारा कृत्रिम उपग्रह वातावरणाच्या वरच्या विरळ थरात घासून ऊर्जा गमावतो, तेव्हा तो खाली येतो आणि पूर्वीपेक्षा अधिक वेगाने फिरू लागतो. वायूच्या गोलाविषयी हीच गोष्ट होमर लेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७० साली मांडली होती. १९६८ साली डोनाल्ड लिंडेन-बेल आणि रॉजर वुड यांनी दाखवून दिले, की अशा तारकासमूहाला स्थिर, अखेरची, कमाल एन्ट्रॉपीची अवस्थाच नसते. गाभा अधिकाधिक तापत आणि आक्रसत जातो. उष्मामृत्यूचे ते जुने कोमट, सपाट चित्र येथे लागूच पडत नाही.

या कहाणीतील मध्यवर्ती पुरुष म्हणजे केंब्रिजचे आर्थर एडिंग्टन. ते क्वेकर पंथाचे श्रद्धावान ख्रिस्ती होते. १९२६ साली त्यांनी एक कोडे मांडले. व्याध ताऱ्याचा सोबती हा आकाराने पृथ्वीएवढा आणि वजनाने सूर्याएवढा असा विलक्षण दाट तारा आहे. तो निवू लागला तर त्याला फुगावे लागेल. फुगण्यासाठी गुरुत्वाकर्षणाशी झुंजावे लागेल. तेवढी ऊर्जा त्याच्यापाशी उरलेलीच नाही. सतत उष्णता गमावणारा, पण थंड होण्यास ऐपत नसलेला असा हा तारा! त्याच वर्षी राल्फ फाउलर यांनी नव्या पुंजयामिकीच्या आधारे हे कोडे सोडविले. अशा श्वेतबटू ताऱ्यातील इलेक्ट्रॉन इतके दाटलेले असतात, की तारा पूर्ण निवाला तरी त्यांचा दाब टिकून राहतो. तेव्हा सबंध तारा एखाद्या प्रचंड रेणूसारखा होतो. त्याच्या कणांना एकच एक रचना शक्य असते, म्हणजे एन्ट्रॉपी शून्य. कोट्यवधी वर्षांत त्याने आपली सारी एन्ट्रॉपी प्रकाशातून अवकाशाला देऊन टाकलेली असते.

ही शांत अखेर सर्वच ताऱ्यांच्या वाट्याला येत नाही, हे एका भारतीय युवकाने दाखविले. १९३० सालच्या जुलै महिन्याच्या अखेरीस सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले, तेव्हा ते १९ वर्षांचे होते. प्रवासात त्यांनी फाउलर यांच्या गणिताला आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेची जोड दिली, आणि इलेक्ट्रॉनांच्या दाबाला मर्यादा आहे असे त्यांच्या ध्यानात आले. ती मर्यादा पुढे सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे १.४ पट अशी निश्चित झाली. त्याहून जड गाभा श्वेतबटू म्हणून विसावू शकत नाही. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनमधील सभेत एडिंग्टन यांनी या निष्कर्षाची जाहीर टर उडविली. तारा असा अमर्याद कोसळणे त्यांना असंबद्ध वाटत होते. चंद्रशेखरांना १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तोवर जवळजवळ अर्धशतक लोटले होते.

याच एडिंग्टन यांचा एक विद्यार्थी धर्मगुरू होता. बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र यांना १९२३ साली गुरुदीक्षा मिळाली, आणि लगेच ते केंब्रिजला एडिंग्टन यांच्या हाताखाली अभ्यासास गेले. १९२७ साली त्यांनी प्रसरणशील विश्वाचा सिद्धान्त मांडला. १९३१ च्या आरंभी एडिंग्टन यांनी जगाच्या अखेरीविषयी व्याख्यान दिले. एन्ट्रॉपीचा माग काढीत मागे गेल्यास आरंभ मानावा लागतो, हे त्यांना दिसत होते, पण ती कल्पना आपल्याला मानवत नाही, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. लमेत्र यांनी मे महिन्यात ‘नेचर’ या नियतकालिकात छोट्या पत्राने उत्तर दिले. ऊर्जा सुट्या पुंजांत विभागलेली असते. एन्ट्रॉपी वाढते म्हणजे पुंजांची संख्या वाढते. तेव्हा मागे जावे तसे पुंज कमी कमी होत अखेर सारी ऊर्जा मोजक्या पुंजांत, किंबहुना एकाच पुंजात सामावलेली असली पाहिजे. पुढे ज्याला ‘महास्फोट’ म्हणू लागले त्या कल्पनेचे हे बीज. म्हणजे एन्ट्रॉपी आणि आरंभ यांची सांगड घालणारा आपल्यातलाच एक धर्मगुरू होता; परंतु त्याने त्यावरून ईश्वराची सिद्धता काढली नाही. त्या पत्राच्या टंकलिखित प्रतीत शेवटी एक वाक्य होते. ईश्वर हा स्वभावतः गुप्त आहे, आणि आजचे पदार्थविज्ञान सृष्टीच्या निर्मितीवर पडदा धरते याचा श्रद्धावंताला आनंदच वाटावा, अशा आशयाचे. छपाईपूर्वी लमेत्र यांनी ते स्वतःच्या हाताने खोडून टाकले.

१९५१ च्या भाषणाने ते अस्वस्थ झाले होते. व्हॅटिकन वेधशाळेचे येशूसंघीय संचालक फादर डॅनियल ओकॉनेल यांच्यामार्फत त्यांनी आपले म्हणणे पोपमहोदयांपर्यंत पोहोचविले, असे सांगितले जाते. सप्टेंबर १९५२ मध्ये रोमला जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांपुढे पोपमहोदय बोलले, तेव्हा तो युक्तिवाद त्यांनी पुन्हा मांडला नाही. लमेत्र यांची ही भूमिका अश्रद्ध जगापुढे नमते घेणारी होती, असे कोणी समजू नये. ती आपल्या परंपरेतील फार जुनी भूमिका आहे. जगाला आरंभ आहे हे आपण श्रद्धेने मानतो, तर्काने ते सिद्ध करता येत नाही, असे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच लिहून ठेवले होते; लंगडे पुरावे पुढे केल्याने परक्यांना हसण्यास निमित्त मिळते, हा इशाराही त्यांचाच. गुरुविद्यालयात आम्हांला हा भाग शिकवीत असत, तेव्हा तो निव्वळ मध्ययुगीन वादाचा तपशील वाटे. लमेत्र यांचा चरित्रभाग शेजारी ठेवून वाचला म्हणजे त्याची धार कळते. विज्ञान अकादमीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे १९६० साली आले, आणि १९६६ साली त्यांच्या निधनापर्यंत राहिले.

दरम्यान कोसळणाऱ्या ताऱ्याचा प्रश्न पुढे सरकला होता. ज्याला काहीच थोपवू शकत नाही तो तारा कृष्णविवर होतो. बाहेरून पाहता त्याला वस्तुमान, फिरकी आणि विद्युत्भार एवढीच ओळख उरते. मग आत पडलेल्या वस्तूंच्या एन्ट्रॉपीचे काय झाले? प्रिन्स्टनचे जॉन व्हीलर आपला विद्यार्थी जेकब बेकेनस्टाइन याला गमतीने म्हणत, की गरम चहा थंड पाण्यात ओतून मी विश्वाची एन्ट्रॉपी वाढविण्याचा गुन्हा करतो. पण जवळ कृष्णविवर असेल तर तो सारा पुरावा त्यात टाकून मोकळा होईन! बेकेनस्टाइन यांनी ही थट्टा गंभीरपणे घेतली. १९७१ साली स्टीफन हॉकिंग यांनी सिद्ध केले होते, की कृष्णविवरांचे एकूण पृष्ठफळ कधी कमी होत नाही. बेकेनस्टाइन यांनी १९७२ साली मांडले, की ते पृष्ठफळ हेच त्याच्या एन्ट्रॉपीचे माप आहे. हॉकिंग यांना हे प्रथम मुळीच पटले नाही, कारण एन्ट्रॉपी आली की तापमान आले आणि तापमान आले की प्रारण आले. कृष्णविवरातून तर काहीच बाहेर पडत नाही. हे खोडून काढावे म्हणून केलेल्या गणितानेच १९७४ साली त्यांना दाखविले, की कृष्णविवर अत्यंत मंदपणे प्रारण बाहेर टाकते. त्या तापमानाचे सूत्र लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमधील त्यांच्या स्मृतिशिलेवर कोरलेले आहे. हॉकिंग स्वतः निरीश्वरवादी, आणि १९८६ पासून व्हॅटिकनच्या त्याच विज्ञान अकादमीचे सदस्य. अकादमीला त्यात अडचण वाटली नाही, हे मला फार आवडते.

यातून निघालेले आकडे चक्रावून टाकणारे आहेत. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची एन्ट्रॉपी आजच्या सूर्याच्या एन्ट्रॉपीच्या अब्ज गुणिले अब्ज पटीहूनही अधिक भरते. जो पदार्थ आयुष्यभर एन्ट्रॉपी बाहेर टाकीत आक्रसत आला, त्याची एन्ट्रॉपी कोसळण्याच्या शेवटच्या पायरीवर एकदम आकाशाला भिडते. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रात सूर्याच्या सुमारे ४० लाख पट वस्तुमानाचे एक कृष्णविवर आहे. त्या एकट्याची एन्ट्रॉपी दृश्य विश्व व्यापून राहिलेल्या पार्श्वप्रारणाच्या सगळ्या एन्ट्रॉपीहून जास्त आहे.

आता मूळ दाखल्याकडे पाहावे. १९६५ साली जाहीर झालेले हे पार्श्वप्रारण म्हणजे आरंभकाळच्या तप्त विश्वाची राहिलेली ऊब. ते सर्व दिशांना इतके सारखे आहे, की फरक लाखात एखादा भाग. म्हणजे आरंभीचे विश्व जवळजवळ सपाट, एकसारखे, समतोल तापमानाचे होते. क्लॉसियस यांच्या काळच्या मापाने ती तर थेट उष्मामृत्यूचीच अवस्था! जुना युक्तिवाद सांगत होता, की विश्व सुव्यवस्थेतून निघून सपाट कोमटपणाकडे चालले आहे. निरीक्षण सांगते, की ते सपाटपणातून निघाले आणि गाठी, तारे, कृष्णविवरे यांच्याकडे चालले आहे. रॉजर पेनरोज यांनी १९७९ साली याची उकल केली. केवळ पदार्थ आणि प्रारण मोजल्यास आरंभीची एन्ट्रॉपी जवळजवळ कमाल होती. परंतु गुरुत्वाकर्षण हिशेबात धरले तर तीच अत्यल्प ठरते, कारण गुरुत्वाकर्षणाच्या दृष्टीने सपाट पसरलेला पदार्थ म्हणजे अजून कोसळावयाचा राहिलेला पदार्थ. तारे, सूर्य, सूर्यप्रकाशावर जगणारे गवत आणि आपण, सारे त्या राहिलेल्या कोसळण्यावर जगतो.

तेव्हा आरंभी एन्ट्रॉपी कमी होती हा १९५१ चा निष्कर्ष टिकला, पण तो ज्या पायावर उभा केला होता तो पाया टिकला नाही. पोपमहोदयांना दोष देण्याचे कारण नाही. १९५१ साली हे कोणालाच ठाऊक नव्हते. मुद्दा निराळा आहे. पेनरोज यांनी आरंभीची अवस्था किती दुर्मीळ होती याचा एक अवाढव्य आकडाही काढला, आणि लगोलग काही भाविक लेखकांनी तो आकडा ईश्वराच्या सहीसारखा छापण्यास प्रारंभ केला. पेनरोज यांनी तसा निष्कर्ष काढलेला नाही. गुरुत्वाकर्षणाची एन्ट्रॉपी सर्वसाधारणपणे कशी मोजावी हे कृष्णविवर सोडल्यास अद्याप निश्चित झालेले नाही, आणि आरंभ इतका सपाट का होता यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. ज्या मुलाला आपण आज तो आकडा पाठ करावयास लावू, त्याच्या हाती तीस वर्षांनी काय राहील? त्याने येशूवर विश्वास ठेवावा तो येशूला ओळखून. आणि एन्ट्रॉपी शिकावी ती एन्ट्रॉपी म्हणून, पुरती, आकडेमोडीसह.

पेनरोज यांना २०२० साली कृष्णविवरांच्या गणिताबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. त्या गणिताच्या मुळाशी कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेले समीकरण आहे. हॉकिंग यांचा पृष्ठफळाचा नियमही आता केवळ कागदावर राहिलेला नाही. १४ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेतील ‘लायगो’ यंत्रणेने दोन कृष्णविवरांच्या मीलनातून आलेल्या गुरुत्वीय लहरी टिपल्या. मीलनापूर्वी दोघांचे मिळून पृष्ठफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून कमी होते. मीलनानंतरच्या एका कृष्णविवराचे सुमारे ४ लाख, म्हणजे महाराष्ट्राहून बरेच जास्त भरले. अशाच लहरी टिपणारी वेधशाळा मराठवाड्यात हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथच्या परिसरात उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली.